‘चहा चालतो का?’ : एका पेल्याचा इतिहास

ऑक्टोबर १८९०. पुण्याच्या पूर्वभागातील पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. श्रोत्यांत महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते, गोपाळ कृष्ण गोखले होते. व्याख्यानाचा विषय आज फारसा कोणाच्या स्मरणात नाही. व्याख्यानानंतर मात्र चहा आणि बिस्किटे आली, आणि त्या चहाने पुण्याच्या ब्राह्मणसमाजाची झोप पुढे दीड-दोन वर्षे उडवली. #थ्रेड

पेले फिरले तेव्हा प्रत्येकाने आपापल्या धैर्याप्रमाणे वर्तन केले. काहींनी चहा घेतला. काहींनी यजमानांचा मान राखण्यासाठी पेला हाती धरला आणि तसाच खाली ठेवला. काहींनी त्याला स्पर्शही केला नाही. त्या क्षणी हा सारा साधा शिष्टाचाराचा प्रकार होता. कोणी काय केले हे कधीकाळी शास्त्रीपंडितांपुढे साक्षीपुराव्यांनिशी सिद्ध करावे लागेल, असे तेथे बसलेल्यांपैकी एकाखेरीज कोणाच्या मनात आले नसावे.

तो एक म्हणजे गोपाळराव जोशी. भारतातील पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशींचे हे पती. आनंदीबाईंना जाऊन तेव्हा साडेतीन वर्षे झाली होती. गोपाळरावांचा स्वभाव विक्षिप्त, बुद्धी तल्लख आणि ढोंगाचा तिटकारा विलक्षण. सुधारणेवर बोलणारे लोक प्रसंगी कितपत टिकतात हे चव्हाट्यावर आणण्याची त्यांना हौस होती. व्याख्यानाचा घाट घालण्यात त्यांचाच हात होता असे मानले जाते. काही काळाने ‘पुणे वैभव’ या सनातनी मताच्या पत्रात उपस्थितांची नावे छापून आली. चाळीसहून अधिक प्रतिष्ठित गृहस्थ त्या यादीत होते.

यादी छापून येण्याची धास्ती महाराष्ट्राला नवी नव्हती. १८४९ च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर आदींनी परमहंस सभा स्थापन केली होती. जातिभेद मोडणे हा तिचा उद्देश. सभासद होणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, अशी दीक्षेची रीत होती. सारा कारभार गुप्त. दहा-अकरा वर्षांनी सभेची कागदपत्रे चोरीला गेली, नावे बाहेर फुटणार अशी हवा उठली, आणि सभा विरून गेली. पाव खाण्याचे धैर्य अनेकांत होते. खाल्ल्याचे चारचौघांत कबूल करण्याचे धैर्य थोडक्यांत होते. पंचहौदातील मंडळींपुढे तोच पेच चाळीस वर्षांनी पुन्हा उभा राहिला.

पण मुळात चहात इतके काय होते?

सोवळ्याओवळ्याच्या व्यवहारात खाण्यापिण्याचे सगळे पदार्थ सारखे नसतात. कोरडा शिधा कोणाकडूनही घेता येतो. फळ घेता येते. तुपात तळलेल्या पदार्थाला काही सवलत असते. पाण्याचा आणि पाण्यात शिजलेल्या अन्नाचा नियम सर्वांत कडक. चहा म्हणजे परक्याच्या चुलीवर, परक्याच्या हाताने उकळलेले पाणी. त्यातून भांडे चिनी मातीचे. पितळेचे भांडे चिंच-राखेने घासून शुद्ध करता येते, मातीचे एकदा उष्टे झाले की झाले. त्या पेल्याला त्यापूर्वी किती जणांचे ओठ लागले होते याचा हिशेब कोण देणार? सोबतची बिस्किटे तर बेकरीची, म्हणजे पावाचीच भावंडे. हा पेला त्या काळच्या शास्त्राने निषिद्ध मानलेल्या जवळजवळ सर्व गोष्टी एकाच घोटात पुरवत होता.

ग्रामण्य सुरू झाले. हा शब्द आता वापरातून गेला आहे. जातीच्या पंचांपुढे किंवा धर्मपीठापुढे एखाद्यावर दोषारोप करून त्याला बहिष्कृत करण्याची खटपट, म्हणजे ग्रामण्य. बाळासाहेब नातू आदी सनातनी पुढाऱ्यांनी संकेश्वर-करवीर पीठाच्या शंकराचार्यांकडे फिर्याद नेली. शंकराचार्यांनी चौकशीसाठी शास्त्र्यांचे मंडळ नेमून पुण्यास धाडले. कायद्याच्या पदव्या घेतलेले, इंग्रजी न्यायालयांत वावरलेले लोक आता धर्मशास्त्राच्या न्यायासनापुढे ‘प्यालो’, ‘प्यालो नाही’, ‘नुसता हाती धरला’ अशा जबान्या देऊ लागले. दोषाच्या श्रेणी ठरल्या आणि त्या त्या श्रेणीप्रमाणे प्रायश्चित्ताचे मान ठरले.

बहिष्कार ही पोकळ धमकी नव्हती. बहिष्कृताच्या घरी भिक्षुक येत नाही. श्राद्ध अडते, मुंज अडते, लग्न अडते. पंगतीला कोणी बसत नाही, सोयरीक करायला कोणी धजत नाही. घरातील कर्ता पुरुष कचेरीत आणि सभांत दिवस काढतो, त्यामुळे त्याला हे कदाचित फारसे जाणवतही नसेल. जाणवते ते घरातील बायकांना. ज्यांनी तो चहा पाहिलाही नव्हता त्यांना माहेरी जाणे अवघड होते, हळदीकुंकवाला बोलावणे येत नाही, लेकीसाठी स्थळ मिळत नाही. पंचहौद प्रकरणाच्या बहुतेक वर्णनांत पुरुषांच्या युक्तिवादांना पाने दिलेली आढळतात, या बाजूला चार ओळी.

टिळकांनी आपली बाजू शास्त्राच्या मैदानातच लढवली. आपण काशीस गेलो असता प्रायश्चित्त घेतले आहे, असे त्यांनी सांगितले आणि तसा पुरावा पुढे केला. एवढ्याने भागले नाही. त्यांच्या घरच्या मंगलकार्यांस भिक्षुक मिळण्याची पंचाईत पुढेही काही काळ राहिली, असे चरित्रकार नोंदवतात. सनातन्यांना हे प्रायश्चित्त पळवाट वाटले, तर कट्टर सुधारकांना शरणागती. पुढे ज्यांना उभ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतले त्या पुरुषाला चौतिसाव्या वर्षी एका पेल्यापायी दोन्हीकडून बोल खावे लागले, ही गोष्ट त्यांच्या लोकप्रिय चरित्रांतून सहसा घाईने उरकली जाते.

रानड्यांची गोष्ट अधिक अवघड. समाजसुधारणेच्या पक्षाचे ते धुरीण. त्यांनी प्रायश्चित्त घेणे म्हणजे साऱ्या पक्षाने मान खाली घालणे, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. तरी १८९२ मध्ये त्यांनी ते घेतले. रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात या प्रसंगाचे वर्णन केले आहे. पतीच्या निर्णयाने त्या व्यथित झाल्या होत्या. रानड्यांचे कारण स्वतःपुरते नव्हते. बहिष्कारामुळे त्यांच्या स्नेह्यांच्या घरांत फूट पडली होती, वृद्ध आईबाप मुलांपासून दुरावत होते. स्वतः एकट्याने ताठ उभे राहून मित्रांना त्या ओढाताणीत सोडण्यापेक्षा आपण कमीपणा घ्यावा, असे त्यांनी ठरवले. त्यांच्या टीकाकारांना हे तेव्हा पटले नाही, आजही अनेकांना पटत नाही. तत्त्वाला लोकांपेक्षा मोठे मानणाऱ्याच्या नजरेत रानडे येथे हरतात. मित्राच्या म्हाताऱ्या बापाचा चेहरा डोळ्यांपुढे आणणाऱ्याला निवाडा इतका सोपा वाटत नाही.

हे सारे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. १८९० च्या पुण्यात चहा हे घरोघरचे पेय नव्हते. ‘आपला’ चहा आणि ‘परका’ चहा असा वाद नव्हताच. चहा सर्वस्वी परका होता.

तसा तो पश्चिम किनाऱ्याला माहीत होता दोन-अडीचशे वर्षे. १६३८ मध्ये सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने इंग्रज वखारीतील रोजच्या बैठकीत चहा घेत असल्याचे लिहून ठेवले आहे. १६८९ मध्ये सुरतेत पाद्री म्हणून राहिलेल्या ओव्हिंग्टनने तेथील वाणी लोक चहा खडीसाखर घालून, कधी लिंबाबरोबर, तर कधी गरम मसाले घालून पितात आणि तो डोकेदुखी-पोटदुखीवरचा उतारा मानतात, असे नोंदवले आहे. मसाल्याचा चहा ही अलीकडची टूम नव्हे, हे यावरून दिसते. फक्त त्याचे स्थान स्वयंपाकघरात नव्हते, औषधाच्या फडताळात होते.

चहाची आणि मुंबईची एक गाठ तर राजघराण्याच्या लग्नात पडलेली आहे. पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचा इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी १६६२ मध्ये विवाह झाला. १६६१ च्या करारानुसार मुंबई बेट इंग्रजांना मिळाले ते याच हुंड्यात. चहा पिण्याची सवय तिने माहेराहून नेली आणि इंग्रज दरबारात ती फॅशन झाली. ‘चहा’ हा मराठी शब्दही उत्तरेकडील फारसी वळणाच्या ‘चाय’पेक्षा पोर्तुगिजांच्या ‘शा’ला, आणि त्यामागच्या चिनी ‘छा’ला जवळचा आहे. वसई-मुंबईच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज अंमल किती काळ होता हे ध्यानी घेता त्यात नवल वाटू नये.

चिनी चहासाठी चांदी मोजून मोजून थकलेल्या इंग्रजांना १८२० च्या दशकात आसामात चहाची झाडे रानात वाढलेली आढळली. १८३९ मध्ये आसामी चहाच्या पहिल्या पेट्या लंडनला लिलावात विकल्या गेल्या. मळे वाढले, करारबद्ध मजूर भरले गेले आणि पळून जाणाऱ्या मजुराला मळेवाल्याने स्वतः पकडावे अशी मुभा देणारे कायदे झाले. तो इतिहास स्वतंत्र आणि फार काळा आहे. इथे एवढेच पुरे की हा सगळा चहा बाहेर जाण्यासाठी होता. तो पिकवणाऱ्या देशाने प्यावा अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

अपेक्षा बदलली ती बाजार मंदावल्यावर. १९०३ मध्ये कर्झनच्या कारकिर्दीत निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाच्या प्रसारासाठी समिती उभी राहिली. मग सुरू झाली एक अजब मोहीम. गिरण्या, खाणी आणि कारखान्यांतून चहाच्या टपऱ्या लागल्या. मजुराला चहासाठी सुटी दिली तर काम जास्त होते, हे मालकांना पटवण्यात आले. रेल्वे स्थानकांवर चहावाले उभे राहिले. प्रचारक चहाची प्रात्यक्षिके करत, आणि देशी भाषांतल्या पाट्यांवर चहा करण्याची ‘योग्य’ पद्धत छापली जाई : ताजे पाणी उकळा, किटलीत पत्ती घालून त्यावर ओता, पाच मिनिटे झाकून ठेवा, मग वेगळे दूध घाला.

लोकांनी चहा घेतला आणि पद्धत तेवढी सोडून दिली. पातेल्यात पाणी, साखर, पूड आणि दूध एकत्र खळखळवले, वर आले ठेचून टाकले. प्रचारकांना याचा राग येई, कारण दूध-मसाला वाढला की पत्ती कमी लागते. पुढे १९३० च्या दशकात आसामात पाने चिरडून, फाडून, गोळी वळणारे सीटीसी यंत्र आले आणि स्वातंत्र्यानंतर त्याच्या बारीक दाणेदार पुडीने बाजार व्यापला. चिमूटभर पुडीत दाट रंग उतरू लागला. आज ज्याला घरचा चहा म्हणतात त्याची चव या यंत्रानंतरची आहे, म्हणजे फार तर आजोबांच्या वयाची.

विरोधही झाला. ‘आरोग्याची किल्ली’ लिहिताना गांधीजींनी चहातील टॅनिनविरुद्ध इशारा दिला. घराघरांतून वडीलधाऱ्यांनी पोरांना ‘काळे पडाल’ म्हणून दटावले. पण तोवर चहाने दिवसाच्या रचनेत आपली जागा केली होती. पहाटे आधण ठेवायचे, दुपारी उठल्यावर पुन्हा ठेवायचे. दारी पाहुणा आला की त्याला विचारायच्या आतच पातेले चुलीवर चढायचे. गाळणीच्या फडक्याला कायमचा तांबूस रंग यायचा. बशीत ओतून, फुंकर घालून, दोन्ही हातांनी बशी तोलत घेतलेला तो पहिला घोट. या घोटाला घाई चालत नाही, बोलणे मात्र चालते. ज्यांच्यात फारसे बोलण्यासारखे उरलेले नाही अशी दोन माणसेही चहा संपेपर्यंत समोरासमोर बसू शकतात. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाला ‘चहा-पोहे’ हे नाव पडले ते उगीच नव्हे. त्या अवघड अर्ध्या तासात हातात धरायला काहीतरी हवेच होते.

बशीचा आणखी एक उपयोग होता. एका चहात दोघे भागत : एकाला कप, दुसऱ्याला बशी. आता ज्या समाजात उष्ट्याचा इतका विटाळ होता, तिथे हे कसे झाले?

उत्तराचा एक धागा मुंबईच्या कोपऱ्याकोपऱ्यांवरील इराणी हॉटेलांत सापडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इराणच्या यझ्द, केरमान भागांतून झरतुष्ट्री लोक मुंबईत आले. धोबीतलावचे कयानी १९०४ चे. पुण्यात डेक्कनवर गुडलक सुरू झाले १९३५ मध्ये. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, ब्रून-मस्का आणि कडक गोड चहा. इराणी काही क्रांती करायला बसला नव्हता, तो गल्ल्यावर बसला होता. पैसे टाकणाऱ्याला त्याने जात विचारली नाही, एवढेच. त्याच्या कपातून सकाळी गिरणी कामगार प्यायचा, दुपारी वकील, संध्याकाळी नट. कप विसळून पुन्हा भरला जायचा. पंचहौदातील पेल्यावर जो आक्षेप होता, तो शब्दशः याही कपावर घेता आला असता. मुंबईत तो घेणाऱ्याला कामावर जायला उशीर झाला असता.

पुण्याने आपल्या स्वभावाप्रमाणे वेगळी वाट काढली. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरात चहाची दुकाने मांडली. नाव देवाचे आणि पुढे ‘अमृततुल्य’. दर्शनी भागातच शेगडी, मांडी घालून बसलेला चहावाला, लखलखीत पितळी पातेले, खलबत्त्यात कुटलेली वेलची आणि आले, फडक्यातून गाळून पितळी किटलीत भरलेला दाट चहा. सारे ग्राहकाच्या डोळ्यांदेखत. ब्राह्मणाचा हात, घासता येणारे पितळ आणि डोक्यावर देवाचे नाव : १८९० च्या फिर्यादीतील जवळजवळ प्रत्येक मुद्द्याला या मांडणीत उत्तर मिळते. अमृततुल्यांच्या चालकांनी असा विचार करूनच दुकान थाटले असे म्हणता येत नाही. पण पेठांतील कर्मठ माणूस घराबाहेर चहा पिऊ लागला, त्यामागे या सोयीचा वाटा असणारच.

मात्र पुण्यातील वाद आणि मुंबईतील सुटका, दोन्हींत एक माणूस फारसा कुठे दिसत नाही. त्याच्यासाठी कोल्हापुरास जावे लागते.

ज्या करवीर पीठाकडे पुण्याच्या चहाची फिर्याद गेली होती, त्याच करवीरात छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे सेवक होते. जातीने अस्पृश्य. सवर्ण नोकरांसाठी राखलेल्या हौदातील पाणी घेतले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. परतल्यावर गंगारामांनी पाठीवरचे वळ दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना चाकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढण्यास मदत केली. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल थाटले. नाव ठेवले ‘सत्यसुधारक’.

हॉटेल स्वच्छ, चहा उत्तम, आणि गिऱ्हाईक नाही. महाराच्या हातचा चहा प्यायला गावातले कोण येणार? ही वार्ता महाराजांच्या कानी गेली. मग त्यांची गाडी येता-जाता त्या हॉटेलासमोर थांबू लागली. महाराज मोठ्याने गंगारामला हाक मारीत आणि चहा मागवीत. स्वतः पीत, आणि बरोबरच्या सरदार-कारभाऱ्यांच्या हाती पेले देववीत. सही घ्यायला, काम सांगायला आलेल्यांनाही तिथेच चहा. छत्रपतींसमोर पेला परत करण्याची छाती कोणाची?

याच सुमारास, १९१९ मध्ये, शाहू महाराजांनी संस्थानातील सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांत अस्पृश्यता पाळण्यास मनाई करणारे हुकूम काढले. हुकूम कागदावर राहू शकतात हे त्यांना ठाऊक होते. भर रस्त्यात प्यालेला चहा कागदावर राहत नाही. पंचहौदात पेल्यांभोवती गुप्तता, इन्कार आणि खुलासे होते. कोल्हापुरातला पेला सर्वांनी पाहावा म्हणूनच उचललेला होता. हा फरक अर्थात दोन व्यक्तींच्या धैर्यापुरता नाही : रानड्यांना वाळीत टाकता येत होते, राजाला वाळीत टाकणे फार कठीण. वेदोक्त प्रकरणात तसाही प्रयत्न झालाच होता, आणि त्यातून महाराज अधिक कणखर होऊन बाहेर पडले होते.

राजा गेला की काय होते, हेही इतिहासाने दाखवले. शाहू महाराज १९२२ मध्ये निवर्तले. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतल्याबद्दल डॉ. आंबेडकरांच्या अनुयायांची डोकी फुटली. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी आंबेडकरांनी अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेण्याचा प्रश्न लावून धरला. तिथे धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. पगार त्या खात्यात जास्त होता. उष्ट्याचा विटाळ म्हणजे नुसता स्वयंपाकघरातला सोवळेपणा नव्हे, त्याची किंमत रुपयांत मोजली जात होती, ती अशी.

खेड्यातील चहाच्या दुकानाने तर खास सोय केली. दलित गिऱ्हाइकासाठी वेगळा कप. बहुधा कान तुटलेला, दुकानाबाहेर वळचणीला किंवा खुंटीला अडकवलेला. त्याने तो स्वतः काढायचा, चहा वरून ओतला जायचा, बाहेरच बसून प्यायचा, आणि स्वतः विसळून पुन्हा जागच्या जागी ठेवायचा. पैसे तेवढेच. चहाचा प्रसार करणाऱ्यांच्या पाट्यांवर ‘योग्य’ पद्धतीच्या पायऱ्या छापलेल्या असत. ही पद्धत कुठे छापावी लागली नाही.

म्हणूनच स्वतंत्र भारताच्या कायद्याची भाषा इतकी बारीक आहे. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले सर्वांना खुली केली. पण आत जाऊ देऊन कप वेगळा ठेवता येतोच. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने म्हणून आणखी एक पाऊल टाकले. सार्वजनिक उपाहारगृहात, हॉटेलात, धर्मशाळेत लोकांच्या उपयोगासाठी ठेवलेली भांडी वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणाने मज्जाव करणे हा त्यात गुन्हा ठरवला आहे. भांडी, असा स्पष्ट उल्लेख आहे. हाच कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. संसदेला कपाबशीपर्यंत उतरावे लागले, कारण प्रश्न कपाबशीतच होता. कायद्यानंतरही तो तुटका कप कित्येक गावांतून कैक वर्षे हलला नाही. तो अखेर हलला त्यात चळवळींचा वाटा मोठा, आणि थोडा वाटा एकदा वापरून फेकायच्या कागदी-प्लास्टिकच्या पेल्यांचाही. सगळ्यांचाच पेला टाकाऊ झाल्यावर वेगळा ठेवायचे कारण उरले नाही. याला सुधारणा म्हणावे की पळवाट, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मराठीत पाहुण्याला आजही विचारतात : ‘चहा चालेल ना?’ विचारणाऱ्याच्या मनात साखर, पित्त, रात्रीची झोप एवढेच असते. पण ‘चालणे’ हे क्रियापद या अर्थाने जुने आहे. अमक्याच्या हातचे पाणी चालते, तमक्याच्या हातचे चालत नाही, अशा बोलण्यातून ते आले. आणि यजमान जेव्हा रुसून म्हणतो, ‘का, आमच्याकडचा चहा चालत नाही का?’, तेव्हा नकार देणारा पाहुणा खजील होऊन मुकाट्याने कप उचलतो. अर्धा कप का होईना, घेतो. त्या खजील होण्यात हा सगळा इतिहास आहे, दोघांनाही तो ठाऊक नसला तरी.

बहिष्काराचा शब्दही चहापासून पुरता सुटलेला नाही. महाराष्ट्र विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या पूर्वसंध्येला मुख्यमंत्री विरोधी पक्षांना चहापानास बोलावतात, ही राज्याची जुनी प्रथा. त्या चहापानावर विरोधकांनी बहिष्कार टाकणे, हीही आता तितकीच रुळलेली प्रथा. सत्तेत कोणीही असो, मुंबईचे अधिवेशन असो की नागपूरचे, बातमी जवळजवळ तीच असते. चहा कसा होता हे त्या बातमीत नसते. कोण कोण आले नाही, त्यांची नावे मात्र न चुकता छापून येतात.